आधी फाईल, मग मशीन: लेसर कटिंगच्या धंद्यात नफा कुठं असतो?



लेसर कटिंगवर व्हिडिओ टाकला की खाली प्रश्नांची रांग लागते. "सर, साठ वॅटचं घेऊ की शंभर वॅटचं?" "सर, ट्यूब किती दिवस चालते?" "सर, पीएमईजीपीत बसेल की अण्णासाहेब पाटील महामंडळातून करू?" प्रश्न बरोबर आहेत, त्यांची उत्तरं आपण देतोच. पण एक प्रश्न जवळजवळ कुणीच विचारत नाही: "सर, मशीनला द्यायची फाईल कशी तयार करायची?"

आज त्याच न विचारलेल्या प्रश्नावर लिहितोय. माझं मत काही मशीन विकणाऱ्यांना आवडणार नाही, पण स्पष्ट सांगतो. लेसरच्या धंद्यात नफा मशीनमध्ये नसतो, फाईलमध्ये असतो. ज्याला स्वतःची फाईल तयार करता येत नाही, त्यानं कर्ज काढून मशीन घेऊ नये. निदान आज तरी घेऊ नये.

का, ते एकेक करून बघू.

## मशीन सगळ्यांचं सारखंच

लाकूड, एमडीएफ, ॲक्रेलिक, चामडं कापणारा सीओटू लेसर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये तयार झाला. तो शोधणारे डॉ. चंद्रकुमार नारणभाई पटेल हे जन्मानं बारामतीचे आणि पुण्याच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले. म्हणजे शोधाचं नातं आपल्याच मातीशी आहे. पण आता साठ वर्षं उलटली. तो शोध आज गल्लीतल्या दुकानात येऊन बसलाय.

तुम्ही ९०० बाय ६०० चं मशीन घेतलं, तसंच मशीन राजारामपुरीत दुसऱ्यानं घेतलं, इचलकरंजीत तिसऱ्यानं घेतलं. ट्यूब तीच, आरसे तेच, कंट्रोलर तोच. मग ग्राहक काय बघणार? मिनिटाचा रेट. तुम्ही १२ रुपये म्हटलं की शेजारचा १० म्हणतो, त्याच्या पलीकडचा ८ म्हणतो. हप्ता मात्र तिघांचाही कमी होत नाही.

उदाहरण म्हणून ५ लाखांचं कर्ज धरा, ११ टक्के व्याज, ५ वर्षं मुदत. महिन्याचा हप्ता होतो साधारण १०,८७१ रुपये. महिन्याचे २६ कामाचे दिवस धरले तर सकाळी शटर वर करतानाच डोक्यावर रोजचे ४१८ रुपये असतात. भाडं आणि लाईटबिल वेगळं.

हा रेटचा खड्डा चुकवायचा असेल तर तुमच्याकडं असं काहीतरी पाहिजे जे शेजाऱ्याकडं नाही. मशीन तर त्याच्याकडं आहेच. उरते फाईल.

## उद्यमनगरातला पॅटर्नवाला काय करतो?

फाईल म्हणजे काय, हे कोल्हापूरच्या माणसाला समजावणं खरं तर सोपं आहे. आपल्याकडं फौंड्री आहे. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कुठंही जा, ओतकामाच्या आधी पॅटर्न लागतो. आणि पॅटर्नवाला ड्रॉइंगच्या मापाचा पॅटर्न कधीच बनवत नाही. बीड थंड होताना मीटरला साधारण १० मिलिमीटर आकसतं, म्हणून तो पॅटर्न तेवढा मोठा ठेवतो. मशीनिंगला मटेरियल सोडायचं असेल तर आणखी वाढवतो. पॅटर्न चुकला तर भट्टी कितीही चांगली असू दे, कास्टिंग भंगारात.

लेसरची फाईल हा तुमचा पॅटर्न आहे. इथं धातू आकसत नाही, पण लेसर स्वतःच्या जाडीएवढं मटेरियल जाळून टाकतो. त्याला कर्फ म्हणतात. करवतीनं लाकूड कापताना भुसा पडतो ना, तसाच हा प्रकार. ३ मिलिमीटर एमडीएफमध्ये कर्फ बहुतेक वेळा ०.१ ते ०.३ मिलिमीटरच्या दरम्यान असतो.

"एवढ्यानं काय होतंय?" असं वाटेल. गणपतीचं मखर घ्या. २०१८ च्या प्लास्टिक-थर्माकोल बंदीनंतर एमडीएफच्या मखरांना चांगली मागणी आली. हे मखर खाचा आणि जीभ अशा जोडणीवर उभं राहतं. तुम्ही २० मिलिमीटरची जीभ काढली आणि २० मिलिमीटरची खाच काढली. कर्फ ०.२ असेल तर जीभ निघते १९.८ ची आणि खाच होते २०.२ ची. ०.४ मिलिमीटरची ढिलाई! एका जोडणीत ती कळत नाही. बारा जोडण्यांच्या मखरात कमान डुलायला लागते आणि ग्राहक चतुर्थीच्या आदल्या रात्री फोन करतो.

कर्फ मोजायचा कसा? १०० मिलिमीटर लांब आणि २० रुंद पट्टी काढा. तिच्यात ९ आडव्या रेघा मारून १० सारखे तुकडे करा. कापा. तुकडे एकमेकांना चिकटवून एका ओळीत ठेवा आणि व्हर्नियरनं एकूण लांबी मोजा. १०० च्या जागी ९८.२ भरली तर १.८ मिलिमीटर जळालं. त्याला १० नं भागा, कर्फ आला ०.१८. मग फाईलमध्ये जीभ प्रत्येक बाजूला कर्फच्या निम्म्यानं वाढवायची आणि खाच तेवढीच आत घ्यायची. आकडा वहीत लिहून ठेवा. मटेरियल बदललं, लेन्स बदलली, की पुन्हा मोजा.

आणि हो, शीटची जाडी पण मोजा. दुकानदार "तीन एमएम" म्हणतो, व्हर्नियर २.७ म्हणू शकतं, ३.२ पण म्हणू शकतं. जीभ ज्या खाचेत शिरते तिची रुंदी व्हर्नियरचा आकडा बघून ठरवायची, दुकानदाराचा शब्द ऐकून नाही.

## देवनागरी: अडचण पण तीच, संधी पण तीच

आता माझ्या आवडीच्या विषयाकडं येतो. इंग्रजी नावाचे कीचेन, टॉपर यांच्या तयार फाईल नेटवर ढिगानं पडल्यात. मराठी नावाची फाईल तुम्हालाच करावी लागते. नवीन माणूस इथं घाबरतो. मी म्हणतो, तुमचा धंदा इथंच आहे.

राज्यानं २०२२ साली कायदा दुरुस्त करून छोट्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची केली आणि मराठी अक्षर दुसऱ्या भाषेपेक्षा लहान नको असं सांगितलं. सप्टेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानंही मुंबईच्या दुकानदारांना पाट्या लावायला दोन महिन्यांची मुदत दिली. घराची नेमप्लेट, सन्मानचिन्ह, रुखवतावरची नावं, तालमीचा फलक हे सगळं आपल्याकडं मराठीतच लागतं. मग देवनागरी अक्षर लेसरवर कसं वागतं, हे ज्याला कळलं त्याच्याकडं गिऱ्हाईक येणारच.

कसं वागतं ते बघा.

पहिली गोष्ट, शिरोरेषा. इंग्रजी मोठ्या लिपीत पाटील लिहिलं तर पाच सुटी अक्षरं पडतात, त्यांना मागं पट्टी लावावी लागते. मराठीत "पाटील" शिरोरेषेमुळं एकसंध निघतं. फुकटचा पूल आहे हा. पण ध, भ, थ या अक्षरांच्या डोक्यावर डाव्या बाजूला रेघ नसते. त्यामुळं बऱ्याच फॉन्टमध्ये "माधव" चे "मा" आणि "धव" असे दोन तुकडे होतात, "सुभाष" चे "सु" आणि "भाष" होतात. फाईल बघताना हे दिसत नाही. शीट उचलल्यावर दिसतं. तिथं खालून एक बारीक जोड द्यायचा किंवा नावाखाली पूर्ण पट्टी घ्यायची.

दुसरी गोष्ट, अनुस्वार. शिंदे, कांबळे, सावंत. तिन्ही नावांत टिंब हवेत तरंगतं. कापलं की ते जाळीतून खाली पडतं आणि "शिंदे" चे "शिदे" होतात. टिंब थोडं खाली आणून शिरोरेषेला किंवा वेलांटीला टेकवा. दिसायला खटकत नाही.

तिसरी गोष्ट, पोटं. रंग मारायच्या स्टेन्सिलमध्ये उलटं होतं. तिथं अक्षर म्हणजे भोक. प, ब, व, म, ष यांच्या पोटातला तुकडा सुटून पडतो. प्रत्येक पोटाला दीड-दोन मिलिमीटरचा पूल ठेवायला लागतो.

चौथी आणि सगळ्यात महागात पडणारी गोष्ट, एकावर एक चढलेल्या रेघा. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर, काना, वेलांटी वेगळी असते आणि शिरोरेषेवर ती एकमेकांवर थोडी चढतात. स्क्रीनवर काळा रंग भरलेला असतो तोवर सगळं छान दिसतं. पण लेसर रंग बघत नाही, रेघ बघतो. तो प्रत्येक अक्षराची कड कापत जातो आणि जिथं शिरोरेषा जोडलेली असायला पाहिजे तिथंच आडवा काप मारतो. नाव हातात येतं ते सुट्या अक्षरांचा चिवडा होऊन.

उपाय दोन मिनिटांचा आहे. कोरलड्रॉमध्ये आधी अक्षर कर्व्हमध्ये बदला, मग सगळं सिलेक्ट करून वेल्ड करा. इंकस्केपमध्ये ऑब्जेक्ट टू पाथ करा, ग्रुप सोडवा, मग युनियन. झालं की कोरलमध्ये वायरफ्रेम आणि इंकस्केपमध्ये आउटलाइन मोड लावून बघा. तुम्हाला फक्त बाहेरची एक कड आणि आतली पोटं दिसली पाहिजेत. मध्ये एक जरी आडवी रेघ दिसली तर काम बाकी आहे.

फॉन्टबद्दल थोडं. जुने नॉन-युनिकोड फॉन्ट वापरणारे अजून भरपूर आहेत. वापरा, पण दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसेल तर "श्री गणेश" च्या जागी इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसतो. म्हणून कटिंगला फाईल देताना अक्षर कर्व्ह करूनच द्यायचं. मात्र अक्षर बदलता येईल अशी मूळ फाईल वेगळी जपून ठेवा, नाहीतर ग्राहकानं ऱ्हस्व-दीर्घ बदलायला सांगितलं की पुन्हा पहिल्यापासून. नवीन शिकणाऱ्यांनी सरळ युनिकोड फॉन्ट घ्यावेत. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे मुक्ता, बालू, मोदक हे फॉन्ट मोफत आहेत आणि धंद्याला वापरायला परवानगी आहे. मोदक जाडजूड आहे, कीचेनला मजबूत पडतो. ल आणि श कडे पण लक्ष द्या. बऱ्याच फॉन्टमध्ये हिंदी वळणाचे येतात. मराठीला पाकळीचा ल आणि देठाचा श लागतो, राज्य सरकारनं २००९ सालीच तसं ठरवून दिलंय. पाटीवर "ल" हिंदी वळणाचा असला की जुन्या शिक्षकांच्या लगेच डोळ्यात येतं. आणि तेच शिक्षक निवृत्तीनंतर नेमप्लेट करायला येतात!

## लोगो व्हॉट्सॲपवर येतो तेव्हा

ग्राहक म्हणतो, "लोगो पाठवलाय बघा." उघडून बघता तर व्हॉट्सॲपनं चिरडलेला जेपीजी फोटो. फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांची रांगोळी. लेसरला कापायला रेघ पाहिजे, म्हणजे व्हेक्टर. मग आपण ट्रेसचं बटण दाबतो आणि "झालं" म्हणतो.

झालेलं नसतं. ट्रेस तीन घोटाळे करतो. पहिला, साध्या वर्तुळाला चार नोड पुरतात, ट्रेस तिथं दोनशे देतो. मशीन प्रत्येक नोडला हळू होतं, कड करवतीसारखी येते आणि मिनिटं वाढतात. दुसरा, एका जाड रेघेच्या दोन कडा धरून दोन रेघा काढतो, म्हणजे फोटोतल्या एका रेघेच्या जागी कापलेली पट्टी पडते. तिसरा, कडा उघड्या ठेवतो. आकार बंद नसेल तर तुकडा सुटत नाही आणि आत खोदकाम भरायला सांगितलं तर भरत नाही.

माझा सल्ला, लोगो साधा असेल तर ट्रेस करूच नका. फोटो खाली ठेवून पेन टूलनं वर हातानं रेघ ओढा. सुरुवातीला तासभर लागेल, महिनाभरानं पंधरा मिनिटं. ग्राहकाला आधी विचारा, "छपाईवाल्याकडं कोरलची फाईल असेल तर तीच मागवा, आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा." एवढ्या एका वाक्यानं निम्मी कामं वाचतात.

"सर, आता एआय करून देतं की!" असंही लोक म्हणतात. एआय चित्र देतं आणि ते बहुतेक वेळा ठिपक्यांचंच असतं. कल्पना घ्यायला उत्तम. पण टिंब तरंगतंय का, "माधव" चे दोन तुकडे होतायत का, हे तुम्हालाच बघायचंय. शीटचं नुकसान एआय भरून देत नाही.

मग येतो मापाचा घोळ. एसव्हीजी फाईलमध्ये एक इंच म्हणजे किती पिक्सेल, यावर सॉफ्टवेअरांचं एकमत नाही. इलस्ट्रेटर ७२ धरतं, इंकस्केप २०१७ पासून ९६ धरतं, त्याआधी ९० धरायचं. त्यामुळं एका ठिकाणची १०० मिलिमीटरची पट्टी दुसरीकडं ७५ ची उघडू शकते. डीएक्सएफमध्ये मिलिमीटर आणि इंचाची गल्लत झाली तर फरक थेट २५.४ पटीचा. यावर एक गावठी पण खात्रीचा उपाय. प्रत्येक फाईलच्या कोपऱ्यात १०० मिलिमीटरचा एक चौकोन वेगळ्या रंगात ठेवा. कटिंगवाल्याला सांगा, "आधी हा चौकोन मोजा, १०० भरला तरच पुढं जा. हा कापायचा नाही."

रंगाचं पण ठरवून टाका. मशीनला रंग म्हणजे हुकूम असतो. लाल म्हणजे आरपार कापणं, निळा म्हणजे वरवर रेघ, काळा म्हणजे खोदकाम, असं काहीही ठरवा पण कायम तेच ठेवा. आतली भोकं आधी आणि बाहेरची कड शेवटी, कारण बाहेरची कड आधी कापली की तुकडा हलतो आणि आतलं भोक सरकतं.

आणि डबल रेघ शोधा. कॉपी-पेस्ट करताना एकावर एक रेघ बसते, दिसते एकच. लेसर ती दोनदा कापतो, कड काळी पडते, ॲक्रेलिक वितळतं आणि जॉबवर्कचं बिल मिनिटावर असेल तर दुप्पट लागतं. लाइटबर्नमध्ये डुप्लिकेट उडवायची सोय आहे, ती रोज वापरा.

शेवटी फाईलचं नाव. "फायनल", "फायनल नवीन", "फायनल खरं" अशी नावं बंद करा. "पाटील नेमप्लेट, एमडीएफ ३, २०० बाय ८०" असं नाव द्या. मटेरियल नावातच असू दे, कारण चुकून रेक्झिन किंवा व्हिनाइल बेडवर गेलं तर ते पीव्हीसी असतं आणि जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू सोडतं. फुफ्फुसाला वाईट आणि मशीनलाही गंज आणतं. "जाळ आणि धूर संगटच" हे बुलेटवर लिहायला ठीक आहे, आपल्या दुकानात नको.

## फुकटच्या फाईलचा हिशोब

"सर, दहा हजार फाईलचा पॅक ९९ रुपयांत मिळतो, मग मी कशाला काढत बसू?"

पहिलं कारण धंद्याचं. तो पॅक तुमच्या शेजाऱ्यानंही घेतलाय. तीच झाडं, तेच मोर, तीच घड्याळं. पुन्हा मिनिटाच्या रेटवर भांडण.

दुसरं कारण थोडं बोचरं आहे. जून २०२५ मध्ये प्रादानं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि आपलं नावही घेतलं नाही. सगळं कोल्हापूर खवळलं, आणि बरोबरच होतं. २०१९ पासून कोल्हापुरी चपलेला जीआय मानांकन आहे, त्यामागं कारागिरांच्या पिढ्या आहेत. टीका झाल्यावर प्रादानं प्रेरणा इथली असल्याचं मान्य केलं. आता मला सांगा, कुणा डिझायनरनं आठ दिवस घालून काढलेली फाईल त्याला न विचारता पॅकमध्ये विकली गेली आणि आपण ती वापरून मखर विकलं, तर आपण वेगळं काय केलं? नाव मोठं असो की छोटं, न्याय एकच पाहिजे.

विकत घ्यायची तर मूळ काढणाऱ्याकडून घ्या आणि धंद्याला वापरायची परवानगी आहे का ते वाचा. आणि तुमच्या आसपास बघा की! भवानी मंडपाची कमान, अंबाबाईच्या मंदिराचं शिखर, नव्या राजवाड्याचा मनोरा, कोल्हापुरी साजातली पानं. स्वतः फोटो काढा, स्वतः रेघ ओढा. ती फाईल तुमची. आठवण म्हणून काहीतरी घेऊन जाणारा पर्यटक मोराचं घड्याळ शोधत नसतो.

चपलेचं काम करणाऱ्यांना एक गोष्ट सांगतो. चामड्यावर लेसरनं नाव किंवा नक्षी उठवायला हरकत नाही, छान दिसतं. पण लेसरनं कापलेलं "पूर्ण हातकाम" म्हणून विकू नका. एकदा विश्वास गेला की नुकसान सगळ्या गावाचं.

## फाईलचे पैसे वेगळे लावा

आता पैशाचं बोलू. खालचे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला.

एक नेमप्लेट. मटेरियल ६० रुपये. कटिंग ८ मिनिटं, १२ रुपयांनी ९६. तुम्ही ३५० ला विकली. वरवर १९४ रुपये सुटले. पण नाव जुळवायला, वेल्ड करायला, ग्राहकाला दोनदा दाखवायला दीड तास गेला. तुमच्या तासाचे १५० धरले तर ते २२५. एकूण खर्च ३८१. म्हणजे तुम्ही ३१ रुपये खिशातून घातले आणि "आज बरं झालं" म्हणून घरी गेलात.

आता त्याच फाईलचा साचा करून ठेवा. चौकट, भोकं, अंतर सगळं तयार, फक्त नाव बदलायचं. पुढच्या नेमप्लेटला पंधरा मिनिटं, म्हणजे ३८ रुपये. खर्च १९४, विक्री ३५०, सुटले १५६. मशीन तेच, शीट तीच. फरक पडला तो फाईलनं.

म्हणून बिलावर तीन ओळी लिहा: मटेरियल, कटिंग, डिझाइन. ग्राहक म्हणेल, "डिझाइनचे कसले पैसे, कॉम्प्युटरवर तर केलं." त्याला फौंड्रीचंच उदाहरण द्या. पॅटर्नचे पैसे वेगळे असतात हे या गावात कुणाला नवीन नाही. आणि जसा पार्टीनं पैसे दिलेला पॅटर्न पार्टीचा असतो, तसं आधीच बोलून घ्या: डिझाइनचे पूर्ण पैसे दिले तर फाईल तुमची, नाही दिले तर माझ्याकडं राहील आणि पुढच्या वेळी स्वस्तात करून देईन. लोक ऐकतात. न सांगता शेवटी रक्कम वाढवली की भांडतात.

कापायच्या आधी ग्राहकाकडून नाव तपासून लेखी "ओके" घ्या. "पाटिल" का "पाटील", हे कापल्यावर ठरवायचं नसतं.

## मग मशीन कधी घ्यायचं?

माझा विरोध मशीनला नाही, घाईला आहे. काहीजण म्हणतात, "मशीन घरी असल्याशिवाय शिकणार कसं?" यात तथ्य आहे. स्पीड, पॉवर, फोकस हे हात लावल्याशिवाय कळत नाही. पण त्यासाठी पाच लाखांचं कर्ज लागत नाही. फाईल तुम्ही करा, कटिंग जॉबवर्कला द्या आणि कापताना शेजारी उभं राहा. विचारत राहा. कटिंगवाला दादा तुमच्या फाईलला शिव्या घालेल, त्या लिहून घ्या. फुकटचा कोर्स आहे.

"मी डिझायनर ठेवीन" म्हणणाऱ्यांनाही हेच. ठेवा, पण त्याची फाईल तपासण्याइतकं तुम्हाला आलं पाहिजे. नाहीतर तो ज्या दिवशी सुट्टीवर, त्या दिवशी तुमचं मशीन पण सुट्टीवर.

मशीन घ्यायची माझी कसोटी साधी आहे. हप्ता १०,८७१ आणि भाडं, लाईट, ट्यूबसाठी बाजूला काढायचे मिळून ७ हजार धरले, तर महिन्याला १८ हजारांच्या आसपास जातात. १२ रुपये मिनिटानं १८ हजार म्हणजे १,५०० मिनिटं, म्हणजे २५ तास. महिन्याचे २५ दिवस रोज एक तास भरेल एवढं कटिंग तुम्ही बाहेर देत असाल, आणि ते सलग सहा महिने, फक्त गणपतीच्या सीझनला नाही, तर बिनधास्त घ्या. त्या दिवशी बँकेत मी तुमच्यासोबत येतो!

तोवर एक गृहपाठ. या आठवड्यात स्वतःचं आडनाव देवनागरीत, २०० मिलिमीटर रुंद, ३ मिलिमीटर एमडीएफसाठी तयार करा. इंकस्केप मोफत आहे, साधा लॅपटॉप चालतो. वेल्ड करा, आउटलाइन मोडमध्ये बघा, कोपऱ्यात १०० चा चौकोन ठेवा आणि जवळच्या लेसरवाल्याकडं जाऊन कापून घ्या. नाव एकसंध निघालं का? टिंब जागेवर आहे का? माप भरलं का?

तुटलं असेल तर कुठं तुटलं ते कमेंटमध्ये लिहा, आडनावासकट. पुढच्या व्हिडिओत त्यातलीच पाच आडनावं घेऊन स्क्रीनवर दुरुस्त करून दाखवतो. मशीनचे भाव त्यानंतर बघू.